घडवणाऱ्यांनी भेटायचं कुठे?

आमच्या घरात एक तांब्याचा बंब आहे. आईच्या लग्नातला, १९६४ सालचा. गिझर आल्यापासून तो माळ्यावर पडून होता. गेल्या थंडीत गिझर बिघडला आणि थोडं हौसेनं, थोडं नाइलाजानं मी बंब खाली काढला. चिंचेनं घासला, पाणी भरलं, तर बुडाच्या सांध्यातून टप टप गळायला लागला. म्हटलं, एवढंच ना? आपण नाशिकचे. ज्या गावच्या तांब्या-पितळेच्या कामाची १८८३ च्या गॅझेटिअरनं स्वतंत्र दखल घेतली, त्या गावात एका बंबाला डाग देऊन मिळणार नाही?

भांडी बाजारात पाच दुकानं फिरलो. पाचही ठिकाणी बंब आधी काट्यावर गेला. गळतोय कुठे, हे कुणी पाहिलं नाही. "काका, मोडीत देऊन टाका. भाव चांगलाय सध्या." एकानं तर माझ्याकडे असं पाहिलं, की मी मेलेला बैल जिवंत करून मागतोय.

शेवटी तांबट लेनच्या बाजूला एका बोळात ऐरणीचा आवाज आला आणि आत शिरलो. सत्तरी ओलांडलेले एक गृहस्थ पितळी पातेल्याच्या काठावर ठोके देत बसले होते. त्यांनी बंब उलटा केला, बोट फिरवलं, म्हणाले, "ठेवून जा. परवा ये." गोष्ट इथं संपायला हवी होती. पण मी बोलत बसलो (हा माझा जुना दोष), आणि बोलता बोलता ते म्हणाले, "बंबाचं काय नाही रे, जुना पत्रा आहे, जाड आहे. हल्लीचा पत्रा इतका पातळ येतो, की डाग पाघळायच्या आधी पत्रालाच भोक पडतं. चार गडू वाया गेले या महिन्यात."

आता मी पेशानं सातपूरच्या एका कारखान्यातला टूलरूमचा माणूस. निवृत्तीच्या आसपास चांदीकामाचा नाद लागला. तो मला लावला सराफ बाजारातल्या एका माडीवरच्या बंगाली कारागिरानं. त्याला मी दादा म्हणतो, तोही मला दादा म्हणतो. आणि हा दादा दिवसभर काय करतो? कागदासारख्या पातळ चांदीला डाग देतो. त्याचा सगळा खेळ एवढाच, की ज्योत सांध्यावर रोखायची नाही. आधी सगळा नग सारखा तापवायचा, मग सांध्याकडे यायचं. डाग उष्णतेच्या मागे धावतो. ढकलायची गरज पडत नाही.

उलट दादाची तक्रार दुसरीच. एका गिऱ्हाइकाला हातानं ठोकलेली चांदीची वाटी हवी होती, आणि दर वेळी काठ तडकत होता. मी हे तांबटकाकांना सांगितलं, तर ते हसले. "भाजत नसेल तो. ठोकून ठोकून पत्रा कडक होतो. लाल करून परत नरम करायचा, मग पुन्हा ठोकायचं. कधी भाजायचं ते हातोडीचा आवाज सांगतो. आवाज चढला की थांबायचं."

दोघांमधलं अंतर चालत पाच मिनिटं. एक चाळीस वर्षं तिथं आहे, दुसरा अठरा वर्षं. दोघंही धातू तापवतात, ठोकतात, जोडतात. एकाच्या अडचणीचं उत्तर दुसऱ्याच्या हातात. आणि दोघांनी एकमेकांचं तोंड पाहिलेलं नाही! मध्ये निरोप्या कोण, तर मी, बंब घेऊन फिरणारा एक रिकामटेकडा.

त्या दिवसापासून माझं डोकं फिरलेलं आहे. तेव्हा जरा सहन करा.

माझं म्हणणं एका वाक्यात सांगतो. नाशिकमध्ये दागिने आणि भांडी विकणाऱ्यांना भेटायला जागा आहे, एका जातीत जन्मलेल्यांना भेटायला जागा आहे, पण धातू घडवणाऱ्यांना भेटायला जागा नाही. ती व्हायला हवी, आणि ती घडवणाऱ्यांनीच करायला हवी.

यावर पहिलं उत्तर ठरलेलं असतं. "अहो, सराफांची संघटना आहे की." आहे, आणि ती आपलं काम चोख करते. २०१६ च्या बजेटात दागिन्यांवर १ टक्का अबकारी कर आला, तेव्हा देशभरच्या सराफांनी कित्येक दिवस दुकानं बंद ठेवली. कर योग्य की अयोग्य, हा वाद सोडून द्या. व्यापाऱ्यांनी व्यापाऱ्यांचा प्रश्न मांडला, त्यात वावगं काही नाही. पण माडीवरच्या कारागिराला मजुरी नगावर मिळते. दुकान बंद तर त्याची चूल बंद. बंद करायचा की नाही, हे त्याला कुणी विचारलं होतं? विचारायचं ठरवलं असतं, तरी कुठल्या पत्त्यावर विचारणार होते?

दुसरं उत्तर, "आमच्या समाजाचं मंडळ आहे." तेही खरं. सोनारांची आहेत, त्वष्टा कासारांची आहेत. वधू-वर मेळावे होतात, देवीचा उत्सव होतो, दहावी-बारावीच्या मुलांचे सत्कार होतात. मी अशा एका सत्काराला गेलो होतो. ज्या मुलांचे सत्कार झाले त्यातली बहुतेक इंजिनीअरिंगला, संगणकाला निघालेली. आनंद आहे. पण ऐरणीवर बसलेल्या एकाही पोराचं नाव पुकारलं गेलं नाही. शिवाय आज या गावात चांदी-सोनं घडवणारे बरेच हात बंगालमधून आलेले आहेत. झिलईचं काम करणाऱ्या बायका आहेत, ज्या कुठल्याच मंडळात मोजल्या जात नाहीत. कॉलेजातून दागिन्यांचं डिझाइन शिकून आलेल्या मुली आहेत. सातपूर-अंबडला डाय बनवणारे फिटर आहेत, ज्यांना एक मिलिमीटरचे शंभर भाग करता येतात. ही सगळी एकाच कामाची माणसं आहेत. जातीच्या मंडळात यांची खुर्ची कुठे?

काम करणाऱ्यांनी एकत्र येणं हे काही मी परदेशातून उचललेलं खूळ नव्हे. पांडवलेण्यांवर आपण सगळेच जातो, पायऱ्या मोजतो, फोटो काढतो आणि उतरतो. पुढच्या वेळी दहा नंबरच्या लेण्यात जरा थांबा. तिथं क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचा लेख आहे, सुमारे १९०० वर्षांपूर्वीचा. लेण्यात राहणाऱ्या भिक्षूंसाठी त्यानं ३००० कार्षापणांची कायमची ठेव ठेवली. कुणाकडे? गोवर्धनमधल्या विणकरांच्या दोन श्रेणींकडे. (गोवर्धन म्हणजे आपल्या गंगापूर रोडकडचंच.) २००० एका श्रेणीकडे, दरमहा शेकडा १ व्याजानं. १००० दुसरीकडे, शेकडा पाऊण व्याजानं. मुद्दल कधी परत घ्यायचं नाही, व्याज तेवढं वापरायचं. २००० चं वर्षाचं व्याज होतं २४०, आणि लेखात म्हटलंय की वीस भिक्षूंना प्रत्येकी १२ कार्षापण वस्त्रासाठी. गुणाकार करून पाहा, बरोबर येतो!

मला त्या गुणाकारापेक्षा त्यामागचा भरवसा महत्त्वाचा वाटतो. राजाचा जावई कायमची ठेव ठेवताना विणकरांकडे जातो. का? कारण एखादा विणकर मरेल, श्रेणी मरणार नाही, असं त्याला वाटतं. आणि हे विणकरांपुरतंच नव्हतं. जुन्नरच्या लेण्यांतल्या लेखांत बांबूकाम करणाऱ्यांच्या श्रेणीचा उल्लेख आहे, तसाच कासारांच्या श्रेणीचाही. म्हणजे सह्याद्रीच्या या पट्ट्यात धातूचं काम करणारी माणसं एकेकाळी लोकांच्या ठेवी सांभाळत होती. आज त्याच पट्ट्यातला कारागीर बँकेत गेला, तर त्याला आधी जामीनदार कोण ते विचारतात.

श्रेणींचं फार गोडवे गाणंही बरं नाही, हे कबूल. त्यांचे स्वतःचे जाच असणारच. पण एक गोष्ट त्यांच्याकडे होती. गावाला त्यांच्याशी बोलायचं असेल तर दार ठोठावता येत होतं.

आता खरा आक्षेप. तो बाहेरचे घेत नाहीत, कारागीरच घेतात. "दादा, आपली विद्या दुसऱ्याला का सांगायची? उद्या तोच आपलं काम नेईल."

या आक्षेपाला मी हसत नाही. ज्याच्याकडे जमीन नाही, दुकान नाही, त्याची हातातली कला हीच पुंजी. ती कुलपात ठेवावीशी वाटणं साहजिक आहे. पण या कुलपाची किंमत आपण काय मोजली, तेही एकदा पाहू या.

नव्वदच्या दशकात आणि त्यानंतरही दुकानांच्या पाट्यांवर झळकणारे तीन शब्द आठवतात? 'केडीएम दागिने मिळतील.' गिऱ्हाईक ऐटीत विचारायचं, "केडीएम आहे ना?" जणू तो शुद्धतेचा शिक्काच. केडीएम म्हणजे कॅडमियम. पूर्वीच्या डागात तांबं-चांदी जास्त पडायची, त्यामुळे दागिना वितळवला की कस खाली यायचा. कॅडमियमच्या डागात ९२ टक्क्यांपर्यंत सोनं ठेवता यायचं. डाग पटकन पाघळायचा, सांधा सुबक यायचा, कस टिकायचा. गिऱ्हाईक खूश, शेठ खूश.

पण सोनं वितळतं १०६४ अंशांना आणि कॅडमियम ७६७ अंशांनाच उकळतं. म्हणजे डाग देताना त्याची वाफ होते. ती वाफ दागिन्यात राहत नाही, गिऱ्हाइकाच्या अंगाला लागत नाही. ती जाते फुंकणी तोंडात धरून बागेसरीवर वाकलेल्या माणसाच्या छातीत. फुप्फुस आणि मूत्रपिंड दोन्ही बिघडवते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं कॅडमियमला माणसात कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलं ते १९९३ साली. आपल्याकडे पाट्या रंगवल्या जात होत्या, त्याच सुमाराला!

दादाला डाग द्यायला शिकवणारा उस्ताद पन्नाशी गाठायच्या आत गेला. डॉक्टर दमा म्हणत राहिले. मी डॉक्टर नाही, तेव्हा कशानं गेला ते मी सांगू शकत नाही. पण दादा एवढं सांगतो, की त्या माडीवर खिडकी एकच होती आणि सोन्याची धूळ उडू नये म्हणून तीही बंद असायची. आणि कॅडमियम हा शब्द त्यानं पहिल्यांदा ऐकला तो माझ्याकडून. केडीएम ठाऊक होतं, कॅडमियम नव्हतं. ज्या वस्तूत बारा-बारा तास श्वास घेतला, तिचं नाव त्या माणसाला ठाऊक नव्हतं.

आता सांगा, कुणाचं गुपित कुणी राखलं? हॉलमार्कच्या नियमांत आज कॅडमियमला जागा नाही, त्याऐवजी जस्त, इंडियम असे पर्याय आले. पण हे कळायला दर महिन्याला दहा कारागीर एका खोलीत बसत असते, तर एकानं खोकला सांगितला असता, दुसरा म्हणाला असता मलाही होतो, तिसरा म्हणाला असता, मी डाग बदलल्यापासून कमी आहे. एवढंच लागतं. विद्या कुलपात ठेवली की तिच्यातलं विषही कुलपात राहतं.

शिवाय विद्या चोरीला जाते हे खरं असलं, तरी ती मरते हे जास्त खरं आहे. तांबटकाकांच्या घरात पुढच्या पिढीतलं कुणी ऐरणीवर नाही. त्यांनी गुपित कुणासाठी जपायचं? मोडवाल्यासाठी?

हॉलमार्कचा विषय निघालाच आहे तर तोही बोलून टाकतो. १६ जून २०२१ पासून सोन्याच्या दागिन्यांवर हॉलमार्क सक्तीचा होत गेला, आधी २५६ जिल्ह्यांत. आता प्रत्येक नगावर सहा अक्षर-अंकांचा वेगळा क्रमांक असतो. १ सप्टेंबर २०२५ पासून चांदीलाही तो आला, ऐच्छिक का होईना. चांगली गोष्ट आहे. बीआयएस केअर हे ॲप उघडा, क्रमांक घाला. कस कळतो, कुठल्या केंद्रात तपासला ते कळतं, कुठल्या सराफाच्या नोंदणीवर आहे ते कळतं. फक्त एक कळत नाही. घडवला कुणी?

इंग्लंडमध्ये १३६३ साली कायदा झाला, की प्रत्येक सोनारानं आपल्या नगावर स्वतःची खूण उमटवली पाहिजे. उद्देश कौतुकाचा नव्हता, पकडता यावं हा होता. पण त्यामुळे साडेसहाशे वर्षांपूर्वीच्या कारागिरांचीही काहीतरी खूण मागे उरली. आपल्याकडे नावाची किंमत ठाऊक नाही असं थोडंच आहे? १९०६ साली आपल्याच जिल्ह्यात, जोगलटेंभीला, चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला. तेरा हजारांहून जास्त नाणी, सगळी नहपानाची, आणि त्यातल्या बऱ्याचशा नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीनं आपला ठसा ठोकलेला! चांदी तीच, नाणं तेच, पण नाव कुणाचं, यावर राज्य कुणाचं ते ठरतं, हे त्याला बरोबर कळलं होतं. आमच्या पेठेतही चांदी दादाची घडण, ठसा दुकानाचा. राज्य कुणाचं, ते तुम्हीच ठरवा.

कारागिराची खूण उमटायला लागली तर सराफाचं काय जाईल? माझ्या मते काहीच नाही. चित्रावर चित्रकाराची सही असते म्हणून गॅलरी बंद पडत नाही. आणि वाईट डाग दिला तर शिव्याही त्याच नावाला पडतील. नाव आणि जबाबदारी एकत्रच येतात. पण ही मागणी एकटा दादा करू शकत नाही. उद्या त्याला माडीवरून खाली उतरवतील. पन्नास जणांनी केली तर ऐकावी लागेल.

"सरकार करतंय की," असंही कुणी म्हणेल. १७ सप्टेंबर २०२३ ला पीएम विश्वकर्मा योजना आली. १८ व्यवसाय. हत्यारांसाठी १५ हजार, प्रशिक्षणाच्या काळात दिवसाला ५०० रुपये, आधी १ लाखाचं आणि मग २ लाखांचं कर्ज ५ टक्के व्याजानं. मी या योजनेला नावं ठेवणार नाही. दादाच्या माडीवरच्या एकानं तरी तिच्यातून काही मिळवलं, तर मी पेढे वाटीन. पण त्या अठरा नावांत सोनार आहे, लोहार आहे, कुलपं करणारा आहे, तांबट हे नाव मात्र वेगळं घातलेलं नाही. का नाही? कारण यादी होत असताना 'अहो, आमचं नाव राहिलं' म्हणणारा आवाज नव्हता. याद्या आवाजावर होतात. कामावर होत नाहीत.

आणि १५ हजारांत हातोडी येते, कानस येते, चिमटे येतात. काठ का तडकतो हे विचारायला माणूस येत नाही.

हे सगळं मोठ्या तोंडानं बोलतोय, तर माझं अपयशही सांगायला हवं. काही वर्षांपूर्वी मी हा उद्योग करून पाहिला होता. ओळखीच्या एका व्यापाऱ्यानं हॉल दिला. पहिल्या बैठकीला तेवीस जण आले. मी काय करावं? व्यासपीठ मांडलं! दीपप्रज्वलन, स्वागतगीत, दोन ज्येष्ठांना शाल-श्रीफळ, आणि माझं पाऊण तासाचं भाषण. पुढच्या खुर्च्यांवर दुकानदार, मागच्या भिंतीला टेकून कारागीर. ज्याच्याकडून मजुरी घ्यायची तोच पुढे बसलेला असताना मागचा माणूस मजुरीबद्दल काय बोलणार, आणि खोकल्याबद्दल तरी काय? दुसऱ्या बैठकीला नऊ आले, तिसरीला चार. चौथीच्या वेळी त्या हॉलमध्ये सेल लागला होता.

तेव्हा मी लोकांना दोष दिला होता. आपल्या माणसांना एकत्र यायचंच नसतं वगैरे, नेहमीचं रडगाणं. आज वाटतं, चूक माझीच होती. मी घडवणाऱ्यांना जागा दिली नव्हती, प्रेक्षक म्हणून बोलावलं होतं. कारागीर बोलतो तेव्हा त्याच्या हातात वस्तू असावी लागते. रिकाम्या हातानं खुर्चीवर बसवलं की त्याची जीभ टाळ्याला चिकटते. तांबटकाका माझ्याशी तासभर बोलले, कारण मध्ये बंब होता.

म्हणून पुन्हा करायचं तर काय करावं, ते माझ्यापुरतं ठरवलंय. तुम्हाला पटलं तर बघा.

व्यासपीठ नको. जमिनीवर बसायचं आणि मध्ये एक ऐरण, एक शेगडी ठेवायची. खिडक्या उघड्या.

येताना प्रत्येकानं आपला एक बिघडलेला नग आणायचा. चांगला नग आणला की कौतुक होतं आणि चहा पिऊन लोक घरी जातात. बिघडलेला आणला की बोलणं सुरू होतं.

जात, गाव, भाषा विचारायची नाही. हिंदी चालेल, बंगाली चालेल, खुणाही चालतील. दुकानदारानं जरूर यावं, पण स्वतःच्या हातानं केलेलं काहीतरी घेऊन. काही करता येत नसेल तर शिकायला यावं. ज्यानं आयुष्यभर दागिने विकले, त्यानं एकदा स्वतः डाग देऊन बोट भाजून घेतलं, तर घडणावळीची घासाघीस करताना त्याचा हात जरा थांबेल अशी मला आशा आहे.

विक्री नाही. सत्कार नाही. नगाचा फोटो काढायचा तर ज्याचा नग त्याला विचारून.

दर वेळी कुणी तरी अशी एक गोष्ट सांगायची, जी आपल्याला उशिरा कळली. कॅडमियमसारखी. नायट्रिकच्या तपकिरी धुरासारखी. गंगेला पूर आला की सराफ बाजारात पाणी शिरतं, २०१६ ला शिरलं, २०१९ ला शिरलं. त्या वेळी कुणी ठसे वरच्या माळ्यावर कसे चढवले, तेही.

आणि दिवस? जुनी माणसं सांगतात, की पूर्वी अमावास्येला हत्यारं खाली ठेवायची पद्धत होती. मग अमावास्याच का नको? महिन्यातून एक दिवस हत्यारं खाली ठेवायचीच आहेत, तर ती एकमेकांसमोर ठेवू या.

"आणि यातून निघणार काय?" असं माझा एक मित्र विचारतो. तो हिशेबी माणूस आहे. त्याला मी सांगतो, पहिल्या वर्षी बहुधा काहीच नाही. चार काठ तडकायचे थांबतील, दहा गडू वाया जायचे वाचतील. दुसऱ्या वर्षी कदाचित एखाद्या माडीला पंखा बसेल, धूर बाहेर जायला. २०२७ च्या सिंहस्थात लाखो माणसं इथं येतील, गोदावरीचं पाणी घरी न्यायला तांब्याचा गडू मागतील. आज विचारलं तर दुकानदार सांगतात, माल मुरादाबादचा. तो मालही माणसंच घडवतात, त्यांच्याशी माझं भांडण नाही. पण रामकुंडापासून हाकेच्या अंतरावर तांबट लेन असताना, एक तरी गडू तिथला, घडवणाऱ्याची खूण असलेला, का नसावा? हे एकट्या काकांना जमणार नाही. काका, दादा आणि सातपूरचा एक डायवाला एका खोलीत बसले तर जमू शकेल.

आईच्या कपाटात त्याच लग्नातल्या पाटल्या आहेत, चौदा कॅरेटच्या. १९६३ च्या जानेवारीत मोरारजीभाईंच्या सुवर्ण नियंत्रणात चौदा कॅरेटच्या वरचे दागिने करायला बंदी आली, म्हणून तशा. त्या नियंत्रणानं किती सोनारांचे संसार उठले, ते आमच्या गल्लीत आई अजून सांगते. ज्यानं त्या पाटल्या घडवल्या तो सोनार पुढे टांगा हाकायचा, असं ती म्हणते. त्याचं नाव तिला आठवत नाही. दुकानाचं नाव आठवतं. त्या सोनाराच्या आडनावाचा, घराचा, कशाचाच पत्ता नाही. पाटल्या मात्र अजून गोल आहेत, एकही सांधा सुटलेला नाही.

बंब परवा घेऊन आलो. काकांनी मजुरी सांगितली ती इतकी कमी होती, की मला लाज वाटली. दुप्पट देऊ केली तर रागावले. मग मी म्हटलं, "काका, एक माणूस तुमच्याकडे घेऊन येऊ का? चांदीवाला आहे. त्याची वाटी तडकतेय."

"येऊ दे," म्हणाले. "वाटी घेऊन ये म्हणावं. नुसताच नको."

येत्या अमावास्येला आम्ही तिघं बसणार आहोत. तूर्त तिघंच.